पोच

"तार आलीच नाही," असं आमच्या तारघराचे साहेब चाळीस वर्षं सांगत आले. माझी ताई नदीपलीकडच्या चौकीत तारा पाठवायच्या कामावर होती. पूर आला, तिला आणायला होडी गेलीच नाही आणि ती चौकीसकट वाहून गेली.

परवा मी एका फळीवर तांब्याच्या दोन पट्ट्या ठोकून तारेची कळ बनवली. दाबावी लागत नाही, बोट टेकलं की वाजते. साहेबांना दाखवायला भर दुपारी नदीकाठच्या बाकावर घेऊन गेले.

"म्हातारपणी ही कसली खेळणी गं?" ते हसले.

"हात अजून चालतो का बघा," म्हणत मी फळी आमच्यामध्ये ठेवली.

कुणी बोट लावण्याआधीच ती वाजू लागली. लांब ठोका इतका रेंगाळत देण्याची सवय फक्त ताईला होती. 'होडी पाठवा.' पुन्हा, 'होडी पाठवा.' पोच मिळेपर्यंत तीच तार पाठवत राहायची, हा आम्हा तारघरातल्यांचा नियम.

साहेब पांढरेफटक पडले. "बंद कर ते! नाहीतर तू तरी दे पोच."

"तार तुम्हाला आलीय, साहेब."

ती थांबेना. शेवटी त्यांनी बोट पट्टीवर टेकवलं: 'मिळाली.'

फळी गप्प झाली. मग सावकाश वाजली: 'बसून राहा. मीच येते.'

साहेब उठायला गेले, पण बोट पट्टीवरून सुटेना. मी बाकाच्या टोकाला सरकले आणि मध्ये एका माणसापुरती जागा केली.