पाठीमागची भिंत

“अहो, घर तर छानच आहे की!” नगरपालिकेचे अभियंता साहेब म्हणाले आणि भाऊंचं हसू तिथेच विरलं.

घर छान आहे हे साहेबांना खुद्द भाऊंनीच पटवलं होतं, तेही ते किती वाईट आहे हे दाखवायला आणून. तीस वर्षं गिऱ्हाइकांना घरं दाखवण्यात गेलेली, जिभेला दुसरं वळणच नव्हतं. दार उघडताच ते खिडकीकडे धावले होते. पडदा सारून “उजेड बघा, साहेब” म्हणाले होते. आणि ओलीने काळी पडलेली भिंत झाकून, हसऱ्या चेहऱ्याने, तिलाच टेकून उभे राहिले होते. आता साहेबांनी फाइल मिटायला घेतली होती.

भाऊ घरांच्या एजंटांच्या संघटनेचे सचिव. भाड्याच्या घराची दुरुस्ती मालकाने केलीच पाहिजे, असा नियम नगरपालिकेने करावा म्हणून तीन वर्षं त्यांनी जोडे झिजवले होते. मालकांच्या जिवावर पोट भरणाऱ्याने हे मागावं म्हणून निम्मे मालक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. संघटनेतले लोकही पाठीमागे म्हणत, भाऊंना म्हातारचळ लागलाय. साहेबांच्या आजच्या अहवालावर सगळं अवलंबून होतं.

हा खटाटोप कशापायी, ते भाऊंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी या दोन खोल्या त्यांनी इथे अजूनही भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईंना दाखवल्या होत्या, याच भिंतीला टेकून. पुढे दर थंडीत बाईंच्या मुलीची छाती भरायची. बाई समोरून येताना दिसल्या की भाऊ चक्क गल्ली बदलत. लाज वाटे त्यांना, दुसरं काय.

आणि आज पुन्हा तेच! पाठ अजून त्याच भिंतीला टेकलेली.

नर्सबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग साहेबांच्या मिटत आलेल्या फाइलकडे. ट्रे खाली ठेवून त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, जरा बाजूला व्हा बघू.”

भाऊ बाजूला झाले. साहेबांनी भिंतीला नुसता हात लावला, तर हाताएवढा गिलावा खाली आला. त्यांचा चहा तिथेच गार झाला. त्यांनी फोटो काढले, पुन्हा फाइल उघडली आणि उभ्याउभ्या पान भरून लिहिलं. “असली घरं अजून भाड्याने देतात?” असं पुटपुटत ते खालच्या मजल्याचं घर बघायला उतरले.

भाऊ मात्र गेले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “तेव्हाही मी इथंच उभा होतो. फसवलं मी तुम्हाला.”

“ठाऊक आहे.” बाईंनी नॅपकिन घेतला आणि त्यांच्या पाठीला लागलेला चुना झटकायला सुरुवात केली. “तेव्हा जिना उतरताना तुम्ही पुढे होतात. शर्टाची अख्खी पाठ भिजलेली. म्हटलं, काय माणूस आहे! भिंत लपवतो आणि पुरावा पाठीवर घेऊन फिरतो.”

त्या हसल्या. भाऊंना हसू येईना.

“कळलं होतं, तरी घर घेतलंत? कशाला?”

बाई पुन्हा पाठ झटकू लागल्या, आईने शाळेतून आलेल्या पोराची झटकावी तशी.

“त्या दिवशी सहा एजंटांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं, भाऊ. नवरा सोडून, कडेवर पोर घेऊन आलेल्या बाईला घर दाखवायला उठलेले तुम्ही एकटेच.”