पाच वाजून पाच

दोन हजार दहा सालचा हिवाळा. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटं झाली आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर कण्हायला लागला. कुणी हात लावला नव्हता. आतला पंखा घरघरत चढत गेला, पडदा गोठला आणि त्यावर लाल चौकट उमटली : धोका सापडला. तिच्यावर लगेच दुसरी, निळी चौकट : धोका सापडला.

"आला," जमादार पुटपुटला.

गोदामाच्या पहारेकऱ्यांवर त्यानं तीस वर्षं जमादारी केली होती. निवृत्त झाला तरी गल्ली त्याला जमादारच म्हणे, आणि त्याच्या बायकोला जमादारीण. मुलीनं तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला, तेव्हा त्यानं आधी एक अँटिव्हायरस बसवला. मग त्याच्यावर दुसरा. "एक डुलकी घेतो, म्हणून त्याच्यावर दुसरा हवा," हे त्याचं नोकरीतलंच सूत्र. घराच्या दारालाही तीन कुलपं होती. "आमच्याकडे चोर शिरला ना, तर बाहेर पडायला आम्हालाच चाव्या मागेल," असं जमादारीण शेजारणींना सांगे.

गेले तीन महिने मात्र तिला हसू येत नव्हतं. साडेचारलाच तो यंत्रासमोर खुर्ची ओढून बसे. तळहात गुडघ्यांवर, कपाळाला घाम. ते कण्हायला लागलं की याचाही श्वास तसाच लागे. मग न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, जपा.

तिला त्याला जपायचंच होतं. त्याचे उपकार होते तिच्यावर. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला त्यानंच गोदामावर पहाऱ्याला चिकटवून दिलं होतं. पोरगा बाविशीचा. कागदोपत्री रजेवर असताना एका पहाटे, धुक्यात, तो मागच्या भिंतीशी डोकं फुटून पडलेला सापडला. मागच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं चोर समजून काठी घातली होती. जमादाराच्या वहीत त्या फाटकावर एकच नाव होतं, म्हाताऱ्याचं. तेव्हा दुसरा तो चोर, असं ठरलं. म्हातारा सांगत राहिला, पोरगा पडतापडता "मी आपलाच, मी आपलाच" म्हणत होता. चोर दुसरं काय म्हणणार, असं लोक म्हणाले. जमादारणीनं भावाचा फोटो ट्रंकेत पालथा घातला. गल्लीनं तोंडसुख घेतलं. नवऱ्यानं मात्र, चोराची बहीण म्हणून, तिला कधी एक टोमणाही मारला नाही.

म्हणून तिनं त्याला न विचारता दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलायला मोकळ्या. पाच-पाचचं कण्हणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काकू, घरात राखणदार इतके झालेत की मालकाला बसायला जागा नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मागच्या नोंदी उघडल्या. वाचतावाचता त्यांचा आवाज उतरला. "तीन महिन्यांत खरा व्हायरस एकही नाही. रोज पहिल्यानं दुसऱ्याला चोर म्हणून धरलंय आणि दुसऱ्यानं पहिल्याला. दोघांना झडतीची वेळही एकच. पाच-पाच. ही आपोआप लागत नाही, कुणीतरी हातानं लावलीय."

जमादारणीच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. भाऊ गेला तेव्हाच्या पोलिसांच्या कागदावर हीच वेळ होती. पहाटेची.

"आता असं करू. चोवीस तास पहाऱ्याला एकच ठेवायचा. दुसरा हवाच असला तर बोलावल्यावर येऊन झडती घेऊन जाणारा. आणि दोघांच्या याद्यांत एकमेकांची नावं घालायची. हा आपला माणूस आहे, म्हणून."

"नाही घातली तर?" जमादारानं विचारलं.

"मग हे असं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, काका? चूक नेमणाऱ्याची."

जमादार पडद्याकडे बघत राहिला.

"म्हाताऱ्यावर नजर ठेवायला मीच दुसरा ठेवला," तो म्हणाला. "वहीत नाव घातलं नाही. म्हाताऱ्यालाही सांगितलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी," बाई नोंदींमधून मान वर न काढता म्हणाल्या आणि कळ दाबली.

पंखा थांबला. इतकी शांतता त्या खोलीत कितीतरी दिवसांत पडली नव्हती.

"अगं..." जमादार बायकोकडे वळला.

तिनं कप त्याच्यापुढं ठेवला. "चहा घ्या. गार होतोय."

त्या बाईंनी पुढं चौकात मोठं दुकान टाकलं. त्या दिवशी आपण काय दुरुस्त केलं ते त्यांना कधीच कळलं नाही. कॉम्प्युटर परत कण्हला नाही. जमादारानं सगळं स्वतःच्या हातानं लिहून पोलिसांत दिलं. गोदाम केव्हाच पाडलेलं होतं, कागद फायलीत गेला. म्हातारा पहारेकरीही तोवर वारला होता. त्याच्या मुलानं येऊन एक नक्कल नेली आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचली.

जमादार त्यानंतर चार वर्षं जगला. जमादारणीनं त्याचं पथ्य सांभाळलं, औषधं वेळेवर दिली. ट्रंकेतला फोटो काढून, पुसून, त्याच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला. रोज संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी नवऱ्यापुढं चहा ठेवी आणि तो संपेपर्यंत शेजारी बसे. भावावरून तिनं त्याला कधी एक टोमणाही मारला नाही.