सत्तावीस रुपयांची गोळी

"ब्याऐंशी." महादेवनं रक्ताचा रिपोर्ट टेबलावर आपटला. "आता तुजा काड."

नझीरनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, कागद उलगडला. "चौऱ्याऐंशी."

कोर्टातला जमिनीचा दावा जिंकल्यासारखा महादेव खुर्चीत रेलला.

वर्षभर दोघांचा हाच वाद चालला होता. दोघंही पनवेलच्या एकाच डॉक्टरीणबाईंकडे जायचे. दोघांचंही वाईट कोलेस्टेरॉल पावणेदोनशेच्या घरात निघालं होतं. कुवेतहून परतलेला नझीर जेनेरिकच्या दुकानातली तीन रुपयांची गोळी घ्यायचा. महादेवची सत्तावीसची. जमिनीचे पैसे हाती आल्यापासून त्याचा एकच कायदा होता, काळजाच्या बाबतीत घासाघीस नाही. "तीन रुपयात कटिंग येत नाय, तुजं हृदय काय वाचनार?" हे तो नझीरला सकाळी तळ्याभोवती चालताना रोज ऐकवायचा.

"दोन अंकांसाठी रोजचे चोवीस रुपये जादा मोजलेस," नझीर म्हणाला. "जरा हिशेब बघ, मियाँ."

"जीत ती जीत."

चहा घेऊन आलेली महादेवची बायको रंभा दारातच थबकली. नवऱ्याच्या गोळ्या तीच आणायची. जेवण झालं की त्याच्या तळहातावर एक ठेवायची, आणि तो न बघता गिळायचा.

"तुमी पन तीनवालीच खाता," ती म्हणाली. "वर्ष झालं. डॉक्टरीनबाईंनीच लिवून दिली. औषद तेच हाय, नाव तेवडं वेगलं."

नझीरला हसता हसता ठसका लागला. महादेवचे कान लाल झाले. गावभर ज्या गोळीची ऐट मिरवली, ती पोटात कधी गेलीच नव्हती.

"मंग वरचे पैशे?"

रंभानं ट्रे खाली ठेवला आणि कपाटातून तिसरा रिपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. त्यावर तिचं नाव होतं. गेल्या वर्षी दोनशे दहा, आता शहाण्णव.

"त्यात माजी गोली बसली. तपासनीपन."

महादेवनं कागद दोनदा वाचला. नझीर हसायचा थांबला.

"दोनशे दहा," महादेव हळूच म्हणाला. "आनि मला बोललीस नाय?"

"बोलले असते," रंभा त्याच्यापुढे कप सरकवत म्हणाली, "तर तुमी माज्यासाठी पन सत्तावीसवालीच आनली असती."