घरपोच सेवेचं उद्घाटन

मनकर्णाबाईंना लघवीला लागली होती आणि त्यांच्या खाटेभोवती अख्खं सरकारी गणगोत उभं होतं. अंथरुणाला खिळलेल्यांची घरीच शुश्रूषा करायची योजना आजपासून सुरू होत होती, आणि तालुक्यात पहिला मान बाईंना मिळाला होता. खाटेच्या मागे फलक, उशाशी माइक. बुलढाण्याहून आलेले साहेब तर बाईंची पावलं बाजूला सारून खाटेवरच टेकले होते.

सून जयमाला पॉट पदराआड धरून दारात उभी. सासूने उभ्या आयुष्यात परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. चारचौघांत हे बोलायचं कसं? तिने आशाताईंच्या कानात सांगितलं. ताई ग्रामसेवकाच्या कानाशी लागल्या, ग्रामसेवक सरपंच उकंडरावांच्या. उकंडराव म्हणाले, एवढा सत्कार आटपू द्या.

सत्कार कसला आटपतो. बाईंच्या अंगावरून शाली, हार, नारळ इकडून तिकडे जात राहिले. त्यात माजी सभापती इंद्रभानजींचं नाव राहून गेलं, आणि ते तोंड फुगवून निघाले. अशा माणसांची मनं फार नाजूक. त्यांना हाताला धरून परत आणलं, पण नारळ संपले होते. दुकानात माणूस पिटाळला. तो येईस्तोवर साहेब रुग्णाच्या प्रतिष्ठेवर बोलले. लाज कोळून प्यायलेल्यांना विषयांची कसली वाण.

शेवटी जयमालाच पुढे झाली. "सायेब, जरासे बाहीर बसता काय? आत्याबाईले..."

"दोनच मिनिटं, ताई," साहेब म्हणाले. "आणि ते भांडं मागे घ्या, फोटोत येतंय."

मनकर्णाबाईंनी डोळे घट्ट मिटले. चादर ओली होत गेली. साहेब विजार सांभाळत टुणकन उठले. बाकीचे कोणी छताकडे, कोणी मोबाइलकडे बघू लागले. हटले मात्र कोणीच नाहीत. नारळ यायचा होता ना.

साहेब मुरलेले. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने माइक बाईंच्या तोंडाशी नेला. दवाखान्यापेक्षा आपलं घरच बरं की नाही, आजी, दोन शब्द सांगा, म्हणाले.

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले.

"नाही बापा. मले दवाखान्यातच नेऊन टाका. तिथं पॉट लावाच्या आधी माणसाईले बाहीर काढतेत."