वळणावरच्या चाव्या

धुकं इतकं दाट होतं की चावीवाल्याला स्वतःचा हातोडा धड दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. ठण्. एक चावी निघाली. ठण्. दुसरी. चावी म्हणजे रूळ जागेवर घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर. अठरा वर्षं त्याने त्या ठोकून बसवल्या होत्या. आज काढायच्या होत्या, वळणावरच्या सगळ्या. पुढचं जंक्शन दोन दिवसांपूर्वी पडलं होतं. आता या रुळांवरून जे येईल ते शत्रूचंच, असं वरून कळवलं होतं. येणारी गाडी इथे उलटली नाही, तर दुपारपर्यंत शहरात पोचणार. शहरात त्याची बायको होती. त्यामुळे कॅप्टनला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तसा तो लढवय्या वगैरे काही नव्हता. लष्कराला रूळ कळणारा माणूस हवा होता, रेल्वेने याचं नाव कळवलं, झालं! खांद्यावर बंदूक असली की तो एका बाजूला कलून चालायचा, आणि तुकडीतला आचारी विचारायचा, "काय रे, तू बंदूक नेतोयस की बंदूक तुला नेतेय?" पण हातोडा हातात आला की माणूसच बदलायचा. त्याचा सासरा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम. त्याने म्हणे लांबून याचा टोला ऐकला आणि तिथल्या तिथे पोरगी द्यायचं ठरवलं. बायको अजून चिडवायची, "बाबांनी तुम्हाला बघितलं नाही, नुसतं ऐकलं, म्हणून जमलं हो!"

शेवटची चावी काढून तो रुळाच्या कडेला जरा टेकला. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या पांढऱ्या धुक्यात कुठे काही नव्हतं, युद्धसुद्धा नव्हतं. मग तो उठून परत निघाला, आणि चार पावलांतच, अर्धवट झोपेत, तो रोजची फेरी संपवून घरी निघाला होता. पाय आपोआप रुळांखालच्या स्लीपरवर पडत होते. सहा मैल जायचं, सहा मैल यायचं. बायको मैलाच्या दगडाशी डबा घेऊन उभी असायची. आत्ताही ती पुढेच कुठेतरी होती, डबा गार होतोय म्हणून कुरकुरत. तेवढ्यात त्याला रुळाशेजारी पडलेली चावी दिसली. मग आणखी एक. अरेच्चा! एवढ्या चाव्या निखळल्या आणि कुणी बघितलंच नाही? त्याला भयंकर राग आला. तो वाकला, चावी उचलून जागेवर ठोकली, पुढे गेला, पुन्हा वाकला. हात हलके झाले होते. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

धुक्यातून कॅप्टन समोर आला तेव्हा चावीवाला हसला. कॅप्टन हसला नाही. त्याने खाली बघितलं, मग मागे बघितलं. वळणावरची एकूण एक चावी पुन्हा जागच्या जागी बसली होती. टेकडीपलीकडून इंजिनाची धाप ऐकू यायला लागली होती. आता परत काढायला वेळ नव्हता. तुकडी भोवती गोळा झाली. चावीवाल्याने रुळांकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. शत्रूला मदत करणाऱ्याला जागेवरच गोळी, हा हुकूम रोज सकाळी वाचला जायचा.

कॅप्टन काही कसाई नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "शत्रूची माणसं येऊन ठोकून गेलेली दिसतायत. तसंच ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. आचारी त्याला कोपराने ढोसत होता. चावीवाला वाकला. त्याने एका चावीवरून अंगठा फिरवला, मग शेजारच्या चावीवरून.

"नाही साहेब," तो म्हणाला. "हे माझ्याच हातचं आहे. इतकं नीट दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"अरे, गप ना बाबा!" आचारी कळवळला. पण बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. कॅप्टनने दुसरीकडे तोंड करून हुकूम दिला. बायकोला शहरातून निघायचा निरोप द्याल का, एवढंच चावीवाल्याने विचारलं. कॅप्टन हो म्हणाला. मग त्याला रुळांपासून लांब, उतारावर नेलं. गोळीचा आवाज धुक्याने अर्धा गिळला. आचारी लहान मुलासारखा रडला, आणि त्याला गप बस म्हणायला कुणी पुढे झालं नाही.

गाडी आली. बंदुका रोखून सगळे गवतात पडून राहिले. इंजिन वळणावर आलं, ड्रायव्हरने त्यांच्या टोप्या ओळखल्या, बाहेर झुकला आणि हाक मारायच्या ऐवजी ओठांवर बोट ठेवलं. जंक्शन पडायच्या आधीच ती गाडी तिथून निसटली होती आणि दोन दिवस बोगद्यात लपून राहिली होती. एकेक डबा संथपणे त्यांच्यासमोरून गेला. आत आपलेच चारशे जखमी होते, आणि त्या वळणावर त्यांतल्या एकाचीही झोप मोडली नाही.