रॅग्नारच्या खणातलं पाकीट

“बूट इथेच काढ,” रॅग्नार म्हणाला.

यिल्वाने बूट काढले आणि लगेच पस्तावली. जमीन चिकट होती. पाऊल उचललं की मोजा चर्र करून सुटायचा. घरभर खारवलेल्या माशाचा वास. टेबलावर मांजर पसरलेलं, आणि कॉफीच्या कपाच्या काठावर तंबाखूच्या चोखलेल्या पुड्या, वाळत घातल्यासारख्या. शी, शी आणि शी.

पण करते काय? डॉक्टरकीला शाळेचे गुण पुरणार नाहीत हे उघडच होतं. उरली होती एप्रिलमधली प्रवेशपरीक्षा, आणि तिथे ती दोनदा तोंडावर आपटली होती. यंदाही आपटली तर बाबांच्या दुकानात जन्मभर चष्मे विकायचे.

म्हणून हा मार्गदर्शकाचा शोध. आधीचे दोघे तसलेच निघाले. पहिल्या भेटीतच तिने त्यांना रामराम ठोकला. रॅग्नारचा पत्ता तिच्या मित्राने, लीनुसने दिला होता. “माणूस गचाळ आहे, पण त्याची पोरं पास होतात बघ,” असं सांगून.

रॅग्नारने ओठाखाली नवा बार भरला आणि तेच बोट मांजराच्या पाठीला पुसलं. “हं, विचार काय विचारायचंय ते.”

“परीक्षेच्या दिवशी तुम्ही कुठे असता?”

“मीही बसतो की परीक्षेला. दर वेळी.”

“या वयात? कशाला?”

“पोरांसाठी.” तो हसला. दात तपकिरी होते. यिल्वाने नजर फिरवली आणि कान खाजवला.

“कानाला काय झालंय गं?”

“गारठा बाधलाय.” तिने केस पुढे ओढून घेतले.

तो उठला. “फोन तिकडे बुटांपाशी ठेवून ये. इथे फोन चालत नाही.” ती परत येईपर्यंत त्याने खिडकीचा पडदा ओढला होता आणि खणातून एक जाडजूड पाकीट काढलं होतं. “माझी सगळी पोरं याच्या जोरावर पास झाली. आईबापांना पटत नाही, ते सोड. तुझं मन घट्ट आहे ना?”

यिल्वा पुढे सरकली. तिने पाकिटात डोकावलं आणि नाक मुरडलं. या वेळी माशाच्या वासाने नव्हे.

“हे? यासाठी मी इथवर आले?”

“पहिल्या दिवशी सगळेच असं तोंड करतात. मग होते सवय.”

“मला नाही व्हायची. आणि तुमच्या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

“नको टाकूस. पण हे घेऊन जा. पैसे नकोत मला.” त्याने पाकीट तिच्या हातात कोंबलंच.

खाली रस्त्यावर येताच तिने लीनुसला फोन लावला. “हाही तसलाच निघाला.”

“तसलाच म्हणजे?”

“पाकिटात जुन्या प्रश्नपत्रिका, दर वेळी स्वतः परीक्षेला बसून आणलेल्या, आणि शिसपेन्सिली. वर लिहिलंय, रोज चार तास सोडवत बसायचं. लीनुस, अरे, हासुद्धा शिकवतो.”

तिने पाकीट कचऱ्याच्या पेटीत टाकलं, केस मागे सारले आणि परीक्षेत उत्तरं ऐकायला घेतलेलं, सवय व्हावी म्हणून सकाळपासून कानात घातलेलं, खुपणारं मुगाएवढं यंत्र मळासकट नखाने उकरून काढलं.