दाताचं निमित्त

सासूबाई जाऊन महिना झाला, तरी घरात अजून कोणी हसलं नव्हतं. त्यांचा लाडका जुना विनोदी सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा सुनेला राहवेना. घरी दाताचं निमित्त सांगून ती दुपारच्या खेळाला एकटीच जाऊन बसली.

लग्नातून पळालेली नायिका भलत्याच माणसाच्या कपाटात लपली. सासूबाईंसोबत कितीदा तरी पाहिलेला प्रसंग, पण हसू आवरेना. तिनं तोंडात रुमाल कोंबला. स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर थोपटलं. वळून बघते तर सासरे! त्यांच्याही तोंडावर रुमाल. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

ते पुढे वाकून कुजबुजले, "अगं, हळू हस. तिथं पुढे तुझा नवरा बसलाय. ओशाळेल बिचारा."